खाज थांबते, नायटा पसरतो

दमट हवेत जांघेत वा कमरपट्ट्याखाली उठणारा नायटा हा तसा क्षुद्र विकार. कडा तांबूस व किंचित उंच, मध्य निवळत चाललेला, आणि मुळाशी त्वचेच्या मृत थरातील केराटिनवर पोसणारी बुरशी. तिच्यावर रामबाण म्हणावीत अशी औषधे होती; परंतु ती कित्येक आठवडे नेमाने लावावी लागतात, आणि खाजेने हैराण झालेल्या माणसाला हवी असते ती आज रात्रीची झोप, जी औषधाच्या दुकानात एका नळीत बिनदिक्कत विकत मिळते.

या नळीत बुरशीनाशक असते, पुष्कळदा एखादे प्रतिजैविकही असते. पण तत्काळ गुणाचे श्रेय असते ते बीटामेथासोन किंवा क्लोबेटासॉल यांसारख्या स्टेरॉइडचे. 1952 साली हायड्रोकॉर्टिसोनच्या लेपाचा गुण सिद्ध झाल्यापासून इसबाच्या असंख्य रोग्यांना या द्रव्यांनी दिलासा दिला आहे, हे अमान्य करणे कृतघ्नपणाचे होईल. मात्र नायट्याची लाली आणि खाज म्हणजे बुरशीला हुसकावू पाहणारा शरीराचा प्रतिकारच होय, आणि स्टेरॉइड नेमका तोच दडपतो; फिर्यादीचे तोंड बांधून चोरीचा निकाल लावण्यापैकीच हा प्रकार. लाली ओसरते, बुरशी निर्धास्त पसरते, आणि मलम थांबवताच व्याधी दुप्पट जोमाने उसळते.

अशा ओळख लपविलेल्या नायट्याला 1968 मध्ये आइव्ह व मार्क्स यांनी ‘टिनिया इन्कॉग्निटो’ हे नाव दिले. कित्येकदा त्यात वलयाच्या आत दुसरे वलय उमटते. कडेचा कोंडा खरवडून पोटॅशच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर बुरशीच्या तंतूंचे जाळेच दृष्टीस पडते. स्टेरॉइड लावत राहिल्यास पुढे कातडी पातळ होते आणि जांघेत पडलेले वळ जन्माचे राहतात.

त्यात भर म्हणून टर्बिनाफिन या बुरशीनाशकाला दाद न देणारी बुरशी आपल्याकडे फैलावली असून, 2020 मध्ये तिला ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ हे आपल्या देशाची आठवण देणारे नाव मिळाले. तिच्या प्रसारात या मिश्रणांचाही हात असावा, असे अनेक त्वचातज्ज्ञांचे मत आहे. 2018 मध्ये केंद्र सरकारने 14 स्टेरॉइडांची मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा हुकूम काढला खरा; पण दुकानाच्या फळीवर हुकमाची अंमलबजावणी कितपत होते, हे वाचकांना ठाऊक आहेच.

तेव्हा त्वचातज्ज्ञाकडे जाताना आजवर लावलेली नळी संकोच न करता सोबत न्यावी, आणि घरात आणखी कोणाला खाज असेल तर त्यालाही दाखवावे.