पाणी ओसरल्यावर घर सावरताना

गळका नळ, कुरकुरणारी बिजागरी, गच्चीवरची भेग हे विषय आपले झाले. आज पाणी शिरलेल्या घराबद्दल बोलू.

मी राहतो येलहंक्यात, तळमजल्यावर. २०२४च्या ऑक्टोबरात, दिवाळी नऊ-दहा दिवसांवर आली असताना, इथं असा पाऊस झाला की केंद्रीय विहार वसाहतीतल्या लोकांना रबरी होड्यांतून बाहेर काढावं लागलं. २०२१च्या नोव्हेंबरातही तिथं होड्या आल्या होत्या. समुद्रसपाटीपासून ९०० मीटर उंचावरच्या गावात होडी! पण बंगळूरची तळी एकातून दुसऱ्यात वाहणारी. मधल्या ओढ्यांना इथं राजकालुवे म्हणतात. ते अडले की पाणी घरांतून वाट काढतं. आमच्याकडे होडी लागली नाही, पाणी घोट्याएवढंच होतं. सांगली-कोल्हापूरच्या नाहीतर चिपळूणच्या लोकांना हे काहीच वाटणार नाही. तरी तेवढ्या पाण्यात मी दोन मोठ्या चुका केल्या.

पहिली जिवावर बेतली असती. पाणी आत येताना दिसलं तसा मी मेन स्विच बंद केला आणि निर्धास्त झालो. मग पाण्यात उभा राहून टीव्हीमागचा खालचा प्लग ओढायला गेलो आणि खांद्यापर्यंत शॉक बसला. मेन बंद, मग वीज आली कुठून? इन्व्हर्टरमधून. बाहेरची वीज गेली की बॅटरीवरून पुरवठा सुरू करायचा, हेच तर त्याचं काम! मी मेन पाडला आणि त्यानं ते काम चोख केलं. म्हणून कोरड्या जमिनीवर उभं राहून आधी मेन बंद करा, लगेच इन्व्हर्टरही बंद करा. तिथवर पोचायला पाण्यातून जावं लागत असेल, तर जाऊच नका. वीज कंपनीला फोन करून बाहेरूनच पुरवठा तोडायला सांगा. पाणी ओसरल्यावरही भिजलेली बटणं-सॉकेटं इलेक्ट्रिशियननं उघडून तपासल्याशिवाय चालू करायची नाहीत.

आता सामान उचलायचं. फ्रिज रिकामा करा, दार दोरीनं बांधा, पायांखाली जुनी सतरंजी सरकवा आणि ओढा. फरशीवर एकटा माणूसही नेतो. जिन्यावर मात्र दोघं हवेत आणि दोघांत जो ताकदवान तो खाली, कारण जास्त भार खालच्यावरच येतो. फ्रिज उभाच न्यायचा. आडवा करावा लागलाच, तर उभा करून काही तास तसाच राहू द्या. आडवा केला की कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत जातं, ते परत यायला वेळ लागतो. पुढून दार असलेलं वॉशिंग मशीन उचलायच्या भानगडीत पडू नका. आतल्या काँक्रीटच्या वजनामुळे ते फ्रिजपेक्षा अवघड जातं. चार विटांवर चढवा, पुरे.

जमिनीखालच्या टाकीत, म्हणजे इथल्या भाषेत संपमध्ये, बाहेरचं पाणी गेलं असेल तर तो उपसायचाच, पण घाईनं नाही. भोवतालची जमीन चिंब असताना प्लॅस्टिकची रिकामी टाकी तरंगून वर उचलली जाते. घासायला आत कुणी उतरलं, तर झाकण आधी बराच वेळ उघडं ठेवा आणि वर एक माणूस उभा हवाच.

दुसरी चूक भिंतीची. दिवाळीला घर ओलं कसं ठेवायचं, म्हणून पंखे लावून चार दिवस भिंती वाळवल्या, पुट्टी मारली, रंग दिला. पणत्या लावल्या तेव्हा घर झकास दिसत होतं. संक्रांतीला तिळगूळ घ्यायला आलेल्या मावशींनी सोफ्यामागे बोट दाखवलं: गुडघ्याच्या उंचीपर्यंत फोड आणि पांढरा लोणा. पैसे गेले ते गेलेच.

होतं काय, की भिंत वरून हाताला कोरडी लागते, आत ओलीच असते. आतलं पाणी बाहेर येताना विटा-सिमेंटमधले क्षार घेऊन येतं. रंगानं वाट बंद केली की ते रंगालाच ढकलतं. जाडीच्या इंचाला महिना, हा वाळण्याचा ढोबळ हिशेब. हवा खेळती असेल तर. खात्री करायची तर फूटभर चौकोनी प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवा. चोवीस तासांनी आतून दव दिसलं, तर थांबा. लोणा कोरड्या ब्रशनं झाडून बाहेर टाकायचा. ओल्या फडक्यानं पुसाल तर विरघळून परत भिंतीत जाईल. फुगलेलं दारही लगेच रंधू नका. वाळलं की ते आक्रसतं आणि मग फट राहते.

आम्ही जानेवारीत सगळं खरवडलं आणि भिंत उघडी ठेवली. येईल तो विचारायचा, "काम अर्धवट का?" मार्चअखेरीस प्लॅस्टिक कोरडं निघालं, तेव्हा रंग दिला. त्याच खर्चात खालची सॉकेटं चार फुटांवर नेली. टीव्हीची वायर आता लोंबकळते, आणि बायकोला ती अजिबात आवडत नाही.