अँटिबॉडी मोजल्या, पण त्या बनवतं कोण?

२०२१ च्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दहावीच्या निकालासारखे आकडे फिरत होते. कोविडच्या लशीचा दुसरा डोस होऊन महिना झाला की जो तो रक्त देऊन यायचा आणि अँटिबॉडीचा रिपोर्ट टाकायचा. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा आकडा आला ‘२५०० पेक्षा जास्त’. माझा ३४०. काका जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, “काढा घेत नाहीस वाटतं?” पुढे जानेवारीत त्यांनी हौसेने पुन्हा तपासणी केली. आकडा सातशेवर उतरला होता. “इम्युनिटी चालली रे माझी,” असं म्हणताना त्यांचा आवाज खरोखर पडला होता.

काकांची इम्युनिटी कुठे गेलेली नव्हती. रिपोर्टात मोजला होता तो तयार माल. तो बनवणारे कारागीर, म्हणजे बी पेशी, त्या नळीत कोणी मोजलेच नव्हते. आणि या कारागिरांबद्दलचे बहुतेक समज मुळापासूनच चुकलेले असतात, अगदी नावापासून.

‘बी म्हणजे बोन मॅरो’

योगायोगाने हे माणसाला लागू पडतं. आपल्या बी पेशी खरोखरच अस्थिमज्जेत, हाडांच्या पोकळीतल्या मगजात जन्मतात. पण हा ‘बी’ कोंबडीचा आहे. पक्ष्यांच्या शेपटीकडच्या बाजूला, विष्ठा बाहेर पडते त्या जागेजवळ, एक छोटी पिशवी असते. इटलीतल्या पादुआचे शरीरशास्त्रज्ञ फाब्रिसियस यांनी केलेलं तिचं वर्णन त्यांच्या निधनानंतर १६२१ मध्ये छापून आलं आणि पिशवीला त्यांचंच नाव पडलं, बर्सा ऑफ फाब्रिसियस. ती असते कशासाठी, हे पुढची तीनशे वर्षं कोणाला सांगता आलं नाही.

१९५० च्या दशकात अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात ब्रूस ग्लिक नावाचा विद्यार्थी कोंबड्यांची ही पिशवी काढून काय बिघडतं ते बघत होता. काहीच बिघडेना. कोंबड्या खात होत्या, वाढत होत्या. त्याच सुमारास टिमथी चँग या त्याच्या सहकाऱ्याला वर्गात एक साधं प्रात्यक्षिक करायचं होतं: कोंबडीला साल्मोनेला टोचायचा आणि रक्तात अँटिबॉडी झालेल्या दाखवायच्या. कोंबड्या हव्या होत्या, त्या ग्लिककडून घेतल्या. प्रात्यक्षिक साफ फसलं. काही कोंबड्या मेल्या आणि ज्या जगल्या त्यांच्या रक्तात अँटिबॉडीचा मागमूस नव्हता. शोध घेतला, तर त्या पिशवी काढलेल्या निघाल्या.

वर्गात फजिती झालेल्या प्रात्यक्षिकाचं इतकं चीज क्वचितच झालं असेल. तरी त्यावरचा निबंध मोठ्या नियतकालिकात जागा मिळवू शकला नाही. १९५६ मध्ये तो ‘पोल्ट्री सायन्स’मध्ये आला आणि माणसांच्या डॉक्टरांचं त्याकडे बरीच वर्षं लक्ष गेलं नाही. कोंबड्यांवाल्यांचा अंक कोण वाचणार! १९६५ मध्ये मॅक्स कूपर आणि रॉबर्ट गुड यांनी दाखवून दिलं की बर्साच्या आणि थायमस ग्रंथीच्या पेशी ही दोन वेगळी घराणी आहेत. ‘बी’ आणि ‘टी’ ही नावं तिथली.

‘जंतू शिरला की त्याच्या मापाची अँटिबॉडी शिवली जाते’

शिंप्याकडे जावं, त्याने माप घ्यावं आणि कपडा बेतावा, असं आपल्याला वाटतं. यात लाजण्यासारखं काही नाही. १९४० मध्ये लायनस पॉलिंगसारखा थोर रसायनशास्त्रज्ञही साधारण हेच मांडत होता, की जंतूच्या साच्याभोवती अँटिबॉडीची घडी बसते. ऑस्ट्रेलियातल्या मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९५७ मध्ये उलटी मांडणी केली आणि ती टिकली. दुकान शिंप्याचं नाही, रेडिमेडचं आहे. जंतू येण्याच्या कितीतरी आधी लाखो-करोडो मापं टांगलेली असतात. प्रत्येक बी पेशी एकाच मापाची. जंतू आला की ज्या पेशीला तो बसतो ती निवडली जाते आणि तिच्याच प्रती निघतात.

पण माणसाकडे जनुकं जेमतेम वीस हजार, मग मापं इतकी कुठून? सुसुमु तोनेगावा यांनी १९७६ मध्ये याचं उत्तर दिलं आणि १९८७ चं नोबेल मिळवलं. बी पेशी तयार होताना आपल्याच डीएनएची कापाकापी करते. अँटिबॉडीच्या जड साखळीसाठी एका गटातले सुमारे ४० तुकडे, दुसऱ्यातले २३ आणि तिसऱ्यातले ६ असतात. प्रत्येकातून एकेक उचलायचा, की साडेपाच हजार जोड्या झाल्या. हलक्या साखळीच्या तीनेकशे जोड्यांशी गुणलं की आकडा पंधरा लाखांच्या पुढे जातो. त्यातही सांध्यांवर एक विकर चार-दोन अक्षरं मनाला येईल तशी घुसडतं, आणि मग मोजणंच सोडून द्यावं लागतं. शरीरातल्या बहुतेक पेशी डीएनए जिवापाड जपतात. इथे मात्र उधळपट्टी हाच व्यवसाय आहे.

अशा उधळपट्टीत वाह्यात मालही निघणारच. नव्या कोऱ्या बी पेशींपैकी निम्म्याहून अधिक पेशी स्वतःच्याच शरीराच्या घटकांना चिकटतात. मगजातून बाहेर पडण्याआधी त्यांची परीक्षा होते. जी जोरात चिकटते तिला हलकी साखळी बदलून पुन्हा बसायची संधी मिळते. तरीही जमलं नाही, तर ती मरते. पास झालेल्यांनाही जगण्याची हमी नसते. बाहेर ‘बाफ’ नावाच्या एका प्रथिनाचा शिधा मिळाला तर जगायचं, आणि शिधा मोजकाच असतो. त्यामुळे बहुतेक बी पेशी आपला जंतू कधीही न भेटता मरून जातात.

‘इम्युनिटी जितकी वाढेल तितकी चांगली’

काकांच्या काढ्यावर माझा राग नाही, आलं-गवतीचहा घशाला बराच वाटतो. पण ‘इम्युनिटी बूस्टर’ लिहिलेल्या बाटल्या बी पेशींना शिधा वाढवून देत नाहीत हे आपलं नशीबच म्हणायचं. ज्या उंदरांत ‘बाफ’ जास्त केलं गेलं, त्यांच्यात मरायला हव्या होत्या त्या पेशीही जगल्या आणि शरीर स्वतःवरच उलटलं. माणसातला ल्युपस हा आजार याच जातीचा. २०११ मध्ये त्यासाठी मान्यता मिळालेलं बेलिम्युमॅब हे औषध ‘बाफ’ अडवतं, म्हणजे शिधा कमी करतं. परागकणांवर शिंकत बसणाऱ्या माणसाची अडचणही इम्युनिटी कमी असण्याची नसते.

‘अवधाण आलं म्हणजे जंतू पसरला’

पायाला काटा लागून पिकलं की जांघेत गाठ येते. तिला आजी अवधाण म्हणायची आणि शेक द्यायची. ती लसिका ग्रंथी असते, आणि ती सुजते कारण आत काम चाललेलं असतं. गाठ तशीच राहिली, वाढली किंवा टणक झाली तर डॉक्टरांना दाखवावी हे खरंच. पण एरवी ती वर्कशॉप आहे.

जंतू ओळखलेली बी पेशी तिथे येते, टी पेशीचा होकार घेते आणि भराभर दुणावू लागते. आता आल्टरेशनचं काम सुरू होतं. रेडिमेड कपडा अंगावर बसला तरी खांद्यात सैल असतो. एआयडी नावाचं विकर अँटिबॉडीच्या जनुकात मुद्दाम चुका करतं. बहुतेक चुकांनी माप बिघडतं, त्या पेशी मरतात. एखादीने माप आणखी नेमकं बसतं, त्या पेशीला टी पेशी पुढे ढकलते. पुन्हा चुका, पुन्हा निवड. हे आठवडेच्या आठवडे चालतं. त्याच विकरामुळे अँटिबॉडीचा प्रकारही बदलतो: पहिल्या दिवसांतली आयजीएम जाऊन रक्तात टिकणारी आयजीजी येते, आतड्यासाठी आयजीए. हिपॅटायटिस बी या काविळीच्या लशीचे डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी का देतात, हे यावरून कळतं. डोस लवकर उरकला तर फायदा जास्त नाही. आल्टरेशनला वेळ द्यावा लागतो.

‘अँटिबॉडी उतरल्या म्हणजे संरक्षण संपलं’

या वर्कशॉपमधून दोन प्रकारचे कारागीर बाहेर पडतात. एक स्मृतिपेशी, ज्या माल बनवत नाहीत, फक्त फिरत राहतात आणि तोच जंतू पुन्हा दिसला की काही दिवसांत कामाला लागतात. दुसऱ्या प्लाझ्मा पेशी. यांच्यासारखा कारखाना शरीरात दुसरा नाही. एकेक पेशी सेकंदाला हजारो अँटिबॉडी ओतते. यांतल्या बहुतेक पेशी थोड्या दिवसांत संपतात, आणि म्हणून लशीनंतर महिन्याभरात चढलेला आकडा उतरतो. तो उतरलाच पाहिजे. आजवर झालेल्या प्रत्येक सर्दीची अँटिबॉडी शिखरावरच राहिली असती तर रक्ताची रबडी व्हायला वेळ लागला नसता.

थोड्या प्लाझ्मा पेशी मात्र परत मगजात जाऊन ठाण मांडतात आणि वर्षानुवर्षं थेंबथेंब माल सोडत राहतात. हिशेब करून बघा. आयजीजी अँटिबॉडी साधारण २१ दिवसांत निम्मी होते. कारखाना बंद पडला, तर साडेपाच महिन्यांत अडीचशेव्या भागावर यायला हवी. पण लहानपणी गोवर आलेल्या आजोबांच्या रक्तात साठीनंतरही गोवराची अँटिबॉडी सापडते. ती साठ वर्षांपूर्वीची नाही, याच महिन्यातली ताजी असते. २००८ मध्ये ९१ ते १०१ वर्षांच्या ३२ जणांचं रक्त तपासलं गेलं. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत ही सगळी लहान मुलं होती. नव्वद वर्षांनंतरही त्यांच्याकडे त्या विषाणूला ओळखणाऱ्या अँटिबॉडी होत्या, आणि काहींच्या बी पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांच्याकडून तीच अँटिबॉडी नव्याने बनवूनही घेतली गेली.

रिटुक्सिमॅब या औषधानेही हीच गोष्ट वेगळ्या बाजूने दाखवली. ते सीडी२० ही खूण असलेल्या बी पेशी मारतं. रक्तातल्या बी पेशी जवळजवळ शून्यावर येतात, पण जुन्या लशींच्या अँटिबॉडी बहुतांशी तशाच राहतात, कारण प्लाझ्मा पेशीच्या अंगावर ती खूणच नसते.

‘कुत्रा चावल्यावरची सगळी इंजेक्शनं लशीचीच’

दोन वेगळ्या गोष्टी असतात. दंडात देतात ती लस. तिने स्वतःच्या बी पेशी कामाला लागतात, पण अँटिबॉडी यायला सात ते चौदा दिवस जातात. खोल जखमेत आणि तिच्याभोवती भरतात ते सीरम म्हणजे दुसऱ्याच्या तयार अँटिबॉडी, माणसाच्या किंवा घोड्याच्या. मधले दिवस त्या सांभाळतात. बेहरिंग आणि कितासातो यांनी १८९० मध्ये बर्लिनमध्ये हीच उसनवारी घटसर्प आणि धनुर्वातासाठी दाखवली होती. महाराष्ट्रात हाफकिन संस्थेने सर्पदंशावरची लस म्हणून ओळखलं जाणारं औषध वर्षानुवर्षं घोड्यांच्या रक्तापासून केलं. आपण त्याला लस म्हणतो खरं, पण ती लस नव्हेच. बाळाला वारेतून मिळालेली आईची आयजीजीही उसनीच असते. ती बाळाच्या शरीरात लशीतला विषाणू निकामी करते, म्हणूनही गोवराची लस नवव्या महिन्यापर्यंत थांबते.

उसनवारीवरच जगावं लागलं तर काय होतं, हे १९५२ मध्ये ऑग्डेन ब्रूटन या लष्करी डॉक्टरने लिहून ठेवलं. आठ वर्षांचा एक मुलगा न्यूमोनियाच्या जंतूंनी पुन्हा पुन्हा मरणाच्या दारात जात होता. त्याच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे अँटिबॉडी असतात तो भाग, सापडेचना. १९९३ मध्ये कळलं की या आजारात एका जनुकाच्या दोषामुळे बी पेशी मगजातच अडकून पडतात. नवल असं की अशा रुग्णांपैकी काही जण २०२० मध्ये कोविडमधून बरेही झाले, निव्वळ टी पेशी आणि बाकीच्या यंत्रणेच्या जोरावर. सोसायटीच्या ग्रुपवर त्यांचा आकडा शून्य दिसला असता. पण न्यूमोनियाच्या जंतूंपुढे टी पेशींचं फारसं चालत नाही. ब्रूटनने त्या मुलाला दर महिन्याला दुसऱ्यांच्या रक्तातलं गॅमा ग्लोब्युलिन टोचायला सुरुवात केली आणि आजारपणं थांबली. आजही असे रुग्ण दर तीन-चार आठवड्यांनी, हजारो अनोळखी दात्यांच्या रक्तातून वेगळ्या काढलेल्या अँटिबॉडी घ्यायला येतात. २१ दिवसांत साठा निम्मा झालेला असतो.