हवेने दाबलेलं नरसाळं

फर्स्ट रोबोटिक्स स्पर्धेचा २०१७ चा खेळ होता ‘स्टीमवर्क्स’. मैदानाच्या कोपऱ्यात बॉयलर, आणि त्यात रोबोंनी उडवायचे पाच इंच व्यासाचे, भोकाभोकांचे पिवळे प्लॅस्टिकचे चेंडू. आत पडलेल्या चेंडूंचे गुण किलोपास्कलमध्ये, म्हणजे दाबाच्या एककात मोजले जायचे. ४० किलोपास्कल झाले की क्रमवारीसाठी एक जादा गुण. डीन केमन यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या ‘फर्स्ट’ने १९९२ पासून शाळकरी मुलांसाठी हे सामने भरवले. दर जानेवारीत नवा खेळ जाहीर व्हायचा आणि रोबो उभा करायला हातात जेमतेम सहा आठवडे असायचे.

त्या वर्षी कित्येक रोबोंचं दुखणं एकच होतं. पोटात चेंडूंचा ढीग, पण फेकणाऱ्या चाकापाशी ते एकेक करून पोचले पाहिजेत. दोन चेंडू एकदम तोंडाशी आले की एकमेकांना टेकून कमान धरतात आणि वरची सगळी रांग अडते. सपाट शीट जोडून केलेल्या टाकीला कोपरे असतात, तिथेही चेंडू अडून बसतात. सपाट शीट एका दिशेने वाकवता येते, तिचा शंकूही गुंडाळता येतो. चौकोनी तोंडापासून गोल भोकापर्यंत सलग उतरत जाणारी, दोन्ही दिशांनी वळलेली नरसाळ्याची कूस मात्र त्यातून निघत नाही. त्यासाठी प्लॅस्टिक तापवून साच्यावर बसवावं लागतं. व्हॅक्यूम फॉर्मिंग ते हेच. फ्रिजच्या आतलं पांढरं अस्तर आणि मिठाईच्या खोक्यातला खणाखणांचा ट्रे याच कुळातले.

यंत्र पाहिलं तर साधं असतं. शीट घट्ट पकडणारी चौकट, वर हीटर, खाली बारीक भोकांचा टेबल, त्यावर साचा आणि टेबलाखालून हवा ओढणारा पंप. शीट तापताना लक्ष देऊन पाहावी. आधी ती लाटांसारखी वरखाली होते आणि नवख्याला वाटतं, झाली तयार. मग ती पुन्हा ताणून सपाट होते. त्यानंतर मधोमध सावकाश झोळ येतो, आणि तो साऱ्या शीटभर सारखा उतरला की चौकट साच्यावर दाबून झडप उघडायची. शीट क्षणात साच्याला चिकटते.

काम खरं करतो तो वरच्या हवेचा दाब. दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. म्हणजे अर्धा मीटर लांब-रुंद शीटवर अडीच टनांचा भार. कार्यशाळेतला धूळ ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर हवा भराभर काढतो, पण त्यातून दाबाचा जेमतेम पाचवा हिस्सा हाती लागतो. खऱ्या व्हॅक्यूम पंपाची ओढ जबर, पण तो संथ. तोवर शीट थंड पडते. म्हणून जाणते लोक पंपाने आधी एक टाकी रिकामी करून ठेवतात आणि ऐन वेळी टाकीची झडप उघडतात. घरगुती यंत्रावरचा मला सर्वांत आवडणारा तोडगा हाच.

शीटसाठी पॉलिकार्बोनेट हे प्लॅस्टिक निवडतात ते आदळआपट सोसतं म्हणून. पण ते हवेतला ओलावा धरून ठेवतं, आणि न वाळवता तापवलं की शीटभर बुडबुडे उठतात. साधारण १२० अंशांवर काही तास वाळवायचं, मग १८० ते २०० अंशांपर्यंत न्यायचं. एवढी भट्टी नसेल तर पीईटीजी हे प्लॅस्टिक घ्यावं. मार थोडा कमी सोसतं, पण ओढायला फार सोपं.

मात्र कामाचा बराचसा वेळ आणि डोकं साच्यात जातं. नरसाळ्यात चेंडू आतून घसरणार, म्हणून साचा उंचवट्याचा हवा. साच्याला टेकलेली बाजूच मापाला बरोबर उतरते. थंड होताना प्लॅस्टिक आकसून साच्याला आवळतं, तेव्हा उभ्या बाजूंना निदान पाच अंशांचा ढाळ हवा, नाहीतर भाग सुटत नाही. उंच कोपरे जवळजवळ आले की मधलं प्लॅस्टिक निऱ्यांसारखं गोळा होतं. खोलगट जागी हवा कोंडू नये म्हणून एकेक मिलिमीटरची भोकं पाडायची. थ्री-डी प्रिंटरवर पीएलए प्लॅस्टिकचा साचा पटकन होतो, पण पीएलए ६० अंशांच्या आसपासच मऊ पडतं. एखाददुसऱ्या खेपेनंतर साच्याची धार बसते. एमडीएफ घासून-पुसून केलेला साचा कितीतरी जास्त टिकतो.

जाडीचा हिशेब तर कागदावरच करावा. २० सेंटिमीटर चौरस आणि १० सेंटिमीटर उंच खोका ओढला, तर ४०० चौरस सेंटिमीटर शीटला १२०० चौरस सेंटिमीटर व्हावं लागतं. तीन मिलिमीटरची शीट सरासरी एकावर येते. त्यातही माथा आधी टेकून गोठतो, तो जाड राहतो आणि तळाकडचे कोपरे सर्वांत पातळ. भाग फुटतो तो तिथेच.

आपल्याकडच्या मुलांना रोबोंचे खेळ परके नाहीत. पुण्यात २००८ मध्ये झालेल्या एबीयू रोबोकॉन या रोबो-स्पर्धेचा खेळ तर दहीहंडीवरच बेतलेला होता. आपल्या कॉलेजांच्या संघांनी पॅकिंगचे ट्रे काढणाऱ्या एखाद्या छोट्या कारखान्यात जाऊन एक दिवस नुसतं उभं राहून पाहावं असं मला मनापासून वाटतं. झोळ कधी पुरेसा झाला हे पुस्तकातून कळत नाही.

नरसाळं रोबोवर बसवताना एक धोका जोडणीत असतो. स्क्रू ढिला होऊ नये म्हणून लावतात ते थ्रेडलॉकरचं द्रव पॉलिकार्बोनेटला लागलं की भोकाभोवती तडे जातात. तिथे नायलॉक नटच हवा.

तरी नरसाळं फुटलंच, तर साचा शाबूत असला की दुसरं दुपारभरात निघतं. २०१७ च्या नियमांनुसार ठरल्या दिवशी रोबो पिशवीत बंद करावा लागे आणि सामन्याला बाहेरून ३० पाउंडांपर्यंतच तयार भाग आणता येत. तीन मिलिमीटर जाडीची अर्धा मीटर चौरस शीट कापण्याआधीच किलोच्या आत भरते. त्यामुळे त्या ३० पाउंडांत भोकं पाडून तयार केलेली दोन जादा नरसाळी सहज मावत.