झाशीचा नाटकवेडा राजा

विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगवलं, तिथून आपण मराठी रंगभूमीची वर्षं मोजतो. त्याच सुमारास बुंदेलखंडात, झाशीला, गंगाधरराव नेवाळकर स्वतःची नाट्यशाळा पोसत होते. हौस एवढी, की स्वतःही स्त्रीवेष घेत.

गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’मध्ये याची एक ऐकीव हकीकत आहे. राजा बायकी पेहराव का करतो, असं इंग्रज अधिकाऱ्याने विचारलं. तुम्ही साऱ्या संस्थानिकांच्या हातांत बांगड्या भरल्यात, मग मी वेगळं काय करतो, अशा आशयाचं उत्तर त्याला मिळालं. खरं-खोटं कोण जाणे. पण पारतंत्र्यावरचा याहून नेमका नाट्यप्रवेश सापडणं कठीण.

1853 मध्ये गंगाधरराव वारले, पुढल्या वर्षी संस्थान खालसा झालं. 1858 मध्ये इंग्रज फौजेने शहर लुटलं, राजवाड्यातला ग्रंथसंग्रहही त्यात गेला. मग रेल्वे आली आणि तिच्या आधाराने नगऱ्यासारख्या वस्त्या वाढल्या. जुनी दरबारी झाशी त्या नव्या शहराला ऐकूनच ठाऊक राहिली. दरम्यान नाटकाला किती धार असते, हे सरकारने ओळखलं होतं: 1876 चा नाट्यप्रयोगांवरचा कायदा आणि त्याखाली 1910 मध्ये खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर आलेली बंदी हा त्याचा पुरावा.

गंगाधररावांची राणी लक्ष्मीबाई मात्र साहित्यातून परतली. 1894 मध्ये पारसनिसांनी मराठीत तिचं चरित्र लिहिलं. 1946 मध्ये झाशीच्याच वृंदावनलाल वर्मांची हिंदी कादंबरी आली. तिच्यात नाट्यशाळेची मोतीबाई राणीची हेर होते. 1970 मध्ये शिरवाडकरांनी ‘वीज म्हणाली धरतीला’ लिहिलं. राणी मराठ्यांची की बुंदेल्यांची, हा वाद दोन्ही भाषांनी प्रेमाने निकालात काढला.

पुढे 1972 च्या ‘घाशीराम कोतवाल’ने खेळे-दशावताराच्या वळणाने पेशवाईलाच आरसा दाखवला. आपल्या मातीतले नाट्यप्रकार पुन्हा मानाने मंचावर आले. तरीही गंगाधररावांकडे फारसं कुणी वळलं नाही. तलवार घेतलेली राणी आपल्याला अभिमानाची वाटली, लुगडं नेसलेला राजा अडचणीचा. बालगंधर्वांच्या शालूवर जीव टाकणाऱ्या समाजाने असं संकोचावं, हे नवलच! पण गंधर्व नट होते, हा राजा. आणि राजाने मर्दानी दिसावं ही अपेक्षा आपल्यात इंग्रजी अमलात आणखी घट्ट झाली. राज्यकर्ते गेले, त्यांची मोजपट्टी राहिली.

राणीच्या नाटकांत गंगाधरराव बहुधा लहरी नवरा म्हणून येतात आणि लवकर मरतात. त्यांना एकदा नायक करायला हवं: मराठी बोलणारा, बुंदेली प्रजेचा, गादीवर हतबल आणि रंगमंचावर मोकळा. आपली ओळख फक्त रणांगणावर घडली नाही, हे तो आपल्याला सांगेल.