नदीमुखाचा गाळ व त्यांतील सेंद्रिय अंश

गाळ म्हणजे वाहून आलेली बारीक माती, एवढीच कल्पना सामान्यतः आढळते. परंतु मळईच्या जमिनीची जी प्रत जमाबंदीच्या दप्तरांत वरची धरतात, तिच्या सुपीकपणांत मातीइतकाच वांटा दुसऱ्या एका द्रव्याचा असतो. पालापाचोळा, मुळ्या, शेण व सूक्ष्म जीव कुजून जो सेंद्रिय अंश बनतो, तो गाळाबरोबर प्रवास करितो. नत्र पुरविणें, ओल राखणें व माती भुसभुशीत ठेवणें हें त्याचें काम होय. हा अंश कोठें जातो, हें गोदावरीच्या उदाहरणानें पाहूं.

त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावून ही नदी नाशिक, पैठण व नांदेडवरून सुमारें १४६५ किलोमीटर वाहत पूर्व समुद्रास मिळते. राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरम् येथें सर ऑर्थर कॉटन यांनीं १८४७ ते १८५२ या काळांत बंधारा बांधविला. त्याच्या खालीं नदीस गौतमी व वसिष्ठा असे मुख्य फांटे फुटतात व त्यांच्यामधील सपाट प्रदेश नदीच्याच गाळानें बनलेला आहे. उतार संपला कीं पाण्याचा वेग मोडतो. जाड वाळू आधीं बसते, चिकणमाती पुढें जाते. समुद्राचें खारें पाणी लागतांच, गढूळ पाण्यांत तुरटी फिरवावी त्याप्रमाणें, तिचे कण एकमेकांस धरून तळाशीं बसतात.

सेंद्रिय अंश बहुतेक या चिकणमातीसच चिकटलेला असतो. पायलीभर गव्हाचें पीठ केलें असतां कणांचे पृष्ठभाग मिळून मूळ दाण्यांच्या कितीतरी पट होतात. तसेंच वाळू व चिकणमाती यांचें आहे. आपल्या काळ्या मातीचे कण तर फारच सूक्ष्म.

मुखाशीं पोंचल्यावर त्या अंशाची गति हवेवर अवलंबून असते. गाळ उघडा राहून ढवळला गेला, तर सूक्ष्म जीव तो खाऊन टाकितात व त्याचा कर्बवायु होतो. वर नवा थर लवकर चढला, तर आंत प्राणवायु पोंचत नाहीं, कुजणें मंदावतें व तो अंश युगानुयुगें पुरला जातो. कृष्णा-गोदावरीच्या मुखापुढें समुद्रतळाखालीं २००२ सालीं नैसर्गिक वायूचा जो मोठा सांठा सांपडला, त्याचें मूळ अशाच पुरलेल्या सेंद्रिय द्रव्यांत आहे.

मात्र नवा थर येणें आतां पूर्वीप्रमाणें राहिलेलें नाहीं. पैठणचें जायकवाडी धरण १९७६ सालीं पुरें झालें. गोदावरीवर व तिच्या उपनद्यांवर इतरही धरणें आहेत. त्यांत गाळ अडतो. नदीमुखाची जमीन स्वतःच्या भारानें दबतच असते, भर मात्र कमी पडते. त्यामुळें कांहीं ठिकाणीं समुद्र किनारा खात आहे. इकडे धरणांत व तलावांत बसलेला गाळ हा आपल्याच शेतांचा वरचा थर आहे.

तो परत नेण्याची सोय महाराष्ट्रांत २०१७ सालच्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेनें झाली. पण गाळ नेतांना विचार करावा. पाणी जेथें तलावांत शिरतें तेथील गाळ वाळूमिश्रित, भिंतीकडील बारीक असतो. काळा रंग हें सेंद्रिय अंशाचें प्रमाण नव्हे. आपल्या बहुतेक काळ्या जमिनींत सेंद्रिय कर्ब शेंकडा एकाहूनही कमी भरतो. म्हणून माती-परीक्षण आधीं करवावें. गाळ हलक्या, मुरमाड जमिनींत घालावा. भारी जमिनींत घातल्यास निचरा बिघडतो. उन्हाळ्यांत पसरून वाळूं द्यावा व शेणखताची जोड द्यावी.

आणि गाडीभाडें देऊन गाळ परत आणण्यापूर्वीं आपल्या बांधांची खांडें पावसाळ्याआधीं बुजवावीं, उताराला आडवी नांगरट करावी. पहिल्या जोराच्या सरीबरोबर सर्वांत आधीं जातो तो हाच हलका, मोलाचा अंश होय.