भाड्याच्या घराची दुरुस्ती आणि खर्चाचा हिशेब

पावसाळ्यात कौले गळू लागली की जुन्या चाळींतून भाडेकरू व घरमालक यांचे वादही पुन्हा सुरू होतात. दुरुस्ती कोणी करावयाची हा पहिला प्रश्न, आणि तिला प्रत्यक्षात किती खर्च आला हा दुसरा. हा दुसरा प्रश्नच बहुधा अधिक चिवट ठरतो.

३१ मार्च २००० पासून अंमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ ने याबाबत स्पष्ट तरतूद केली आहे. विरुद्ध करार नसेल तर जागा राहण्याजोगी सुस्थितीत ठेवणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरूंना एकट्याने वा मिळून ती करून घेता येते आणि खर्च भाड्यातून वळता करता येतो. अशा दुरुस्तीसाठी भाडेकरूने ठेवलेले हिशेब व व्हाउचरे हा खर्चाचा निर्णायक पुरावा मानला जातो व तो घरमालकावर बंधनकारक असतो. कायद्याने भाडेकरूवर टाकलेला हा विश्वास मोठा आहे. मात्र कागदच नसतील तर त्याचा उपयोग शून्य. शिवाय हा पुरावा खर्चापुरताच आहे. नोटीस दिली होती हे वेगळे दाखवावे लागते, म्हणून तिची प्रत व पोचपावती जपावी.

अडचण येते ती मजुरीची. सिमेंट, कौले, पत्रे यांचे बिल दुकानदार देतो. गवंडी सहसा देत नाही. अशा वेळी त्याचे नाव, तारीख, कामाचे स्वरूप व रक्कम लिहून त्याची सही घ्यावी. ‘घरदुरुस्ती, रुपये तीन हजार’ एवढ्याच मजकुराचा कागद वादाला निमंत्रण देणारा असतो.

वजावटीलाही मर्यादा आहे. एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशाहून अधिक रक्कम कापता येत नाही. महिना चारशे रुपये भाडे असेल तर वर्षाचे होतात ४,८०० आणि वजावट १,२००. तीन हजारांचा खर्च वसूल होण्यास तिसरे वर्ष उजाडते. तोवर पावत्या तर सांभाळाव्याच. दरवर्षी किती कापले याचीही नोंद ठेवावी. ही नोंद नसेल तर कापलेली रक्कम थकबाकी म्हणून दाखविली जाण्याचा धोका असतो.

घरमालकाची बाजूही हिशेबावरच उभी असते. कलम ११ अन्वये सत्तर टक्के भाडेकरूंच्या लेखी संमतीने त्याने सुधारणा वा रचनात्मक बदल केल्यास खर्चाच्या दरसाल १५ टक्क्यांपर्यंत भाडेवाढ मिळू शकते. पण कर्तव्य म्हणून करावयाची दुरुस्ती तीत धरता येत नाही. गळकी कौले बदलणे ही दुरुस्ती, नवे स्नानगृह बांधणे ही सुधारणा. दोन्ही कामे एकाच ठेकेदाराकडून करविली, तरी बिले स्वतंत्र असावीत. असे वाद मुंबईत लघुवाद न्यायालयापुढे चालतात.