डोकं वाचवणारा थर्माकोल

हेल्मेट घेताना आपण कवच ठोकून बघतो, काच वर-खाली करतो, रंग निवडतो. आतल्या पांढऱ्या थर्माकोलकडे सहसा कुणी बघत नाही. कवच मार पसरवतं, टोकदार वस्तू आत घुसू देत नाही. धक्का पचवण्याचं काम मात्र थर्माकोलचं.

थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीन. त्याच्या बारीक मण्यांत पेंटेन मुरवलेलं असतं. वाफ दिली की प्लास्टिक मऊ पडतं, पेंटेनमुळे मणी कित्येक पट फुगतात आणि साच्यात पुन्हा वाफ मिळाली की एकजीव होतात. तयार थरात ९० टक्के किंवा त्याहूनही जास्त हवा असते, असंख्य बंद कप्प्यांत कोंडलेली.

हा थर दाबला की आधी कप्प्यांच्या भिंती किंचित लवतात. ठरावीक दाबाला त्या मोडू लागतात आणि कप्पे कोसळत असेपर्यंत दाब फारसा वाढत नाही. शेवटी भिंतीला भिंत टेकते आणि दाब झपाट्याने चढतो. अभियंत्याला हवा असतो तो मधला टप्पा. दीड मीटरवरून आदळलेलं डोकं अडीच मिलिमीटरमध्ये थांबलं, तर त्याचं सरासरी मंदन गुरुत्वाकर्षणाच्या ६०० पट भरतं. २५ मिलिमीटरमध्ये थांबलं, तर ६० पट. ही वाढीव जागा मोडणारे कप्पे देतात.

ते कधी मोडायचे, हे घनतेवर ठरतं. फोम फार हलका असेल तर तो लगेच तळाला टेकतो. फार दाट असेल तर मोडतच नाही आणि धक्का थेट डोक्याला बसतो. लॉर्ना गिब्सन आणि मायकल अ‍ॅश्बी यांच्या ‘सेल्युलर सॉलिड्स’ या १९८८च्या ग्रंथात अशा पदार्थांची गणितं सविस्तर मांडली आहेत. स्पंजासारख्या उघड्या कप्प्यांच्या फोमची घनता निम्मी केली, तर त्याचा ताठपणा साधारण एक चतुर्थांशावर येतो.

गादीतला फोम दाब काढताच पूर्ववत होतो. बसायला तेच हवं. डोक्याला मात्र उसळी नको, म्हणून इथे मोडून परत न येणारा फोम लागतो. साहजिकच एका जोरदार आपटीनंतर हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बाद समजायचं. आणि नवं घेताना आयएस ४१५१ या भारतीय मानकाची खूण तपासून अस्तराखाली बोट दाबून बघायचं: नुसता मऊ स्पंज लागला, तर ते हेल्मेट फक्त पोलिसांना दाखवण्यापुरतं.